हयातीचा दाखला कोणी कोणाला द्यायचा?

गेल्या दोन वर्षांत 'बोगस लाभार्थी' हे दोन शब्द आपल्याकडे इतके वापरून झालेत की पुढच्या जनगणनेत त्यांची वेगळी जात नोंदवायला हरकत नसावी. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. २०२५ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेतल्या सव्वीस लाखांवर खात्यांचे पैसे थांबवल्याचं सरकारने सांगितलं आणि चौदा हजारांवर पुरुषही या योजनेत बहीण होऊन बसल्याचं बाहेर आलं. मग सरकारी नोकरीतल्या दिव्यांगांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी निघाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते. दिव्यांगांना महिन्याला सहा हजार रुपये द्या, ही त्यांची एक मागणी होती. टीव्हीवरची चर्चा या दोन टोकांपलीकडे गेलीच नाही. एकजण ओरडतो, करदात्यांचा पैसा लुटला. दुसरा ओरडतो, रक्कम वाढवा. ज्याच्या नावावर पैसे रीतसर मंजूर आहेत त्याच्या हातात ते दर महिन्याला पडतात का, आणि पडले नाहीत तर जाब कोणाला विचारायचा, हे कोणी विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. म्हातारपण, वैधव्य आणि अपंगत्व यांसाठी दिलेलं निवृत्तीवेतन एकदा मंजूर झालं की पुढे पुराव्याचं ओझं सरकारने वाहावं. पैसे थांबवायचे असतील तर माणूस मेला, स्थलांतरित झाला किंवा अपात्र ठरला हे आधी सरकारने दाखवावं. आज नेमकं उलट आहे. माणसाने दरवर्षी आपण जिवंत आहोत, गरीब आहोत आणि आपला पाय अजून उगवलेला नाही हे सिद्ध करायचं. जमलं नाही तर पैसे आपोआप बंद. हा क्रम उलटा केल्याशिवाय पंधराशेचे सहा हजार करून काय होणार? ज्याच्या खात्यात काहीच पडत नाही त्याच्या शून्याला चारने गुणलं तरी शून्यच येतं.

हे मी कागदावरून बोलत नाही. माझ्या थोरल्या मावशीने चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पत्ती आणि तंबाखू, आणि उजव्या हाताचा अंगठा दिवसभर पानावर घासत. पासष्टी ओलांडल्यावर तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे सुरू झाले आणि बरीच वर्षं नीट आले. मग एकदा चार महिने आले नाहीत. तहसीलला गेलो तर टेबलावरच्या बाईंनी यादीत नाव दाखवलं: "आजी, तुमचे पैसे इथून गेलेत." बँकेत गेलो तर तिथे म्हणाले, आमच्याकडे आलेले नाहीत. केवायसी करून बघा. बाहेर बसलेल्या बीसीच्या, म्हणजे बँकेच्या गावपातळीवरच्या प्रतिनिधीच्या, पोराने यंत्र पुढे केलं. मावशीने अंगठा ठेवला, लाल दिवा. "मावशी, पदराला पुसून ठेवा." पुसला, लाल दिवा. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या बोटांवर ओतलं, एकेक बोट स्वतः धरून दाबलं. दहाही झाली. पोरगं वाईट नव्हतं, मागे पंधरा माणसं उभी असताना त्याने अर्धा तास घालवला. शेवटी म्हणाला, आधार केंद्रावर जाऊन ठसे अपडेट करून आणा. आधार केंद्राचं टोकन सकाळी सातला, तेही तालुक्याच्या गावी. तिथला माणूस तिची बोटं उजेडात धरून म्हणाला, "अपडेट करायला आधी ठसा तर असायला पाहिजे." डोळ्यांवरून करायचं तर एका डोळ्यात मोतीबिंदू.

पैसे गेले होते कुठे? तर दुसऱ्याच बँकेत. कधीकाळी बचत गटासाठी म्हणून तिने एक खातं उघडलं होतं आणि मागे कुठल्याशा मोहिमेत कोणीतरी त्याला आधार जोडून ठेवलं होतं. पैसे आधारवर सोडले की शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं वापराअभावी निष्क्रिय पडलेलं. म्हणजे पैसे होते, यादीत नाव होतं, कोणी खाल्ले नव्हते, कोणी खोटं बोललं नव्हतं. चार कचेऱ्यांपैकी प्रत्येकाने आपापलं काम बिनचूक केलं होतं आणि तरी एक म्हातारी चार महिने चहापत्ती उधार आणत होती. त्या चार महिन्यांत तिला एकदाही कोणी कळवलं नाही की तुमचे पैसे अमुक कारणाने अडकलेत. कळवणं हे कोणाचंच काम नव्हतं.

मावशी या पैशाला 'पगार' म्हणायची. सगळा गाव म्हणतो: "म्हातारीचा पगार झाला का?" सरकारी कागदावर मात्र तो शब्द 'अनुदान' किंवा 'अर्थसाहाय्य' असा असतो. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, तेव्हापासून हे दोन शब्द समोरासमोर उभे आहेत. अनुदान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, पगार कमावलेला असतो. लोकांनी शब्द चुकीचा निवडला असं मला वाटत नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली कृपा नव्हे, तो हक्क आहे. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड त्या पीठावर होते, आणि देशभरातले निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. तो निकाल सरकारी नोकरांपुरता होता हे खरंच. पण चाळीस वर्षं विड्या वळणारी, ऊस तोडणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी बाई या राज्याच्या उत्पन्नात काहीच घालत नव्हती असं कोण म्हणेल? मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्य कर्मचारी संपावर गेले, तेव्हा आठवडाभर चर्चेला दुसरा विषय नव्हता. त्यांच्या मागणीवर इथे भाष्य करत नाही. इतकंच म्हणतो की त्यांच्यासाठी भांडायला संघटना होती, वकील होते, आकडेमोड करणारे होते. मावशीच्या पगाराचा संप कोणी करायचा?

आता विरोधी बाजू. ती कमकुवत नाही, आणि तिला हसून उडवून लावणारे कार्यकर्ते स्वतःच्या बाजूचं नुकसान करतात.

पहिलं म्हणजे चोरी होते. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलले जातात, धडधाकट माणूस चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळवतो, चांगली बागायत असलेल्याचे आईवडील यादीत असतात. हे सगळं गावात सगळ्यांना माहीत असतं. दुसरं, तंत्रज्ञानाने खरंच फायदा झाला आहे. पूर्वी तहसीलमध्ये निधी हप्त्याहप्त्याने यायचा, मग याद्या व्हायच्या, त्या बँकेत जायच्या. दोनदोन महिने सहज जायचे. डिसेंबर २०२४ पासून राज्याने हे पैसे थेट खात्यावर पाठवायला सुरुवात केली आणि मधल्या हातांची संख्या घटली. आंध्र प्रदेशात २०१० ते २०१२ दरम्यान दीडशेवर मंडलांत बायोमेट्रिक कार्डांवरून मजुरी आणि पेन्शन वाटण्याचा मोठा प्रयोग झाला, अर्थतज्ज्ञांनी तो काटेकोरपणे मोजला. पैसे लवकर मिळाले आणि गळती घटली. तिसरं, तहसीलच्या संजय गांधी शाखेत एक नायब तहसीलदार आणि दोन-तीन कारकून हजारो प्रकरणं बघतात. घरोघर जाऊन खात्री करा म्हणणं सोपं आहे, करणारं कोण आहे?

हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं टिकतं, आणि त्यातला आंध्रचा दाखला तर माझ्याच बाजूने बोलतो. तिथे ज्यांचे ठसे जुळत नव्हते किंवा ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं, त्यांचे पैसे थांबवले नव्हते. त्यांना जुन्या पद्धतीने पैसे मिळत राहिले. यंत्र मदतीला होतं, दारात पहारेकरी म्हणून बसवलेलं नव्हतं. आपण यंत्र उचललं आणि ती सवलत तिथेच ठेवून आलो.

मुळात चूक दोन प्रकारची असते. देऊ नये त्याला देणं, आणि द्यायला हवं त्याला न देणं. पहिल्या चुकीची पत्रकार परिषद होते. दुसरीचा हिशेब ठेवणारं रजिस्टरच नाही. शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. निराधारांच्या बाबतीत ते आपण बिनदिक्कत उलटं करून टाकलंय. यादीतून काढलेलं प्रत्येक नाव 'बचत' म्हणून मोजलं जातं. त्यात किती खरोखर अपात्र होते, किती मेले होते आणि किती जण फक्त ठसा न उमटल्याने गळले, हे वेगळं केल्याशिवाय त्या आकड्याला बचत म्हणणं म्हणजे दुकानदाराने सगळ्याच गिऱ्हाइकांना हाकलून चोरी थांबवल्याचं सांगणं. २०२२ मध्ये हरियाणातल्या रोहतकमध्ये १०२ वर्षांच्या एका आजोबांनी आपण जिवंत आहोत हे सांगायला थेट वरात काढली. सरकारी नोंदीत ते मृत ठरल्याने त्यांची पेन्शन बंद झाली होती. आपण ती चित्रफीत हसत हसत एकमेकांना पाठवली. गाडीत बसून नोटांच्या माळा घालण्याइतकी हुशारी आणि नातवंडं ज्यांच्याकडे नव्हती, त्यांचं काय झालं असेल?

ही गल्लत फक्त आपली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की दीडशे वर्षांची माणसं सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनच्या, यादीत आहेत. यादीत ती होतीच. त्या खात्याच्या स्वतःच्याच तपासनीसांनी २०२३ मध्ये लिहून ठेवलं होतं की मृत्यूची नोंद नसलेले, शंभरीच्या आसपासचे किंवा पुढचे एक कोटी एकोणनव्वद लाख क्रमांक नोंदींत पडून आहेत, आणि त्यांतल्या जेमतेम चव्वेचाळीस हजारांना पैसे जातात. शंभरीतली तितकी माणसं अमेरिकेत खरोखर असू शकतात. नोंद अपुरी असणं आणि पैसे चोरले जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा साधा फरक जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाच्या ध्यानात आला नाही.

त्याच देशाने चाळीस वर्षांपूर्वी याहून महाग धडा घेतला होता. १९८० च्या कायद्याने अपंगत्व निवृत्तीवेतनाची ठरावीक काळाने फेरतपासणी सांगितली आणि १९८१ मध्ये रेगन सरकारने ती मोठ्या झपाट्याने सुरू केली. हेतू तोच: अपात्र शोधा, पैसा वाचवा. तीन वर्षांत चार लाख नव्वद हजारांच्या आसपास लोकांना कळवलं गेलं की तुमचं अपंगत्व आता ग्राह्य नाही. लोक अपिलात गेले. दोन लाखांहून अधिक जणांचे पैसे पुन्हा सुरू करावे लागले. मधल्या काळात कोणाचं घर गेलं, कोणी जीव दिला. न्यायालयं खात्याच्या विरोधात निकाल देत गेली आणि काही राज्यांनी तर ही छाटणी राबवायलाच नकार दिला. अखेर १९८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, दोन्ही सभागृहांत एकही मत विरोधात न पडता, कायदा केला: माणसाची प्रकृती सुधारली आहे हे खात्याने दाखवायचं, तोवर पैसे बंद करता येणार नाहीत. आणि अपील चालू असताना, मागितल्यास, पैसे चालू राहतील. रेगन यांच्या काळातली अमेरिका काही समाजवादी नव्हती. तरी तिला हे पटलं, कारण उलटा प्रयोग करून झाला होता आणि त्याचा निकाल समोर होता.

पण आपल्या गोंधळाचं मूळ त्याहून आधी, पात्रतेच्या अटीतच आहे. संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेत बसायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५०. या मर्यादेकडे एकदा नीट बघू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे घरातल्या एकाने अडुसष्ट दिवस रोजगार हमीवर माती उपसली की ते कुटुंब निराधार राहत नाही. त्या दराने सरकारची शंभर दिवसांच्या कामाची हमी पूर्ण पाळली गेली असती तर ३१,२०० रुपये झाले असते. म्हणजे एका खात्याचं वचन पाळलं गेलं की दुसऱ्या खात्याची मदत जाते. आता याच्या शेजारी लाडकी बहीण ठेवा. तिथे मर्यादा अडीच लाख, वय ६५ पर्यंत, रक्कम तीच दीड हजार. म्हणजे चौसष्ट वर्षांची बाई वर्षाला दोन लाख कमावणाऱ्या घरात 'बहीण' असते, आणि पासष्ट उलटले की तिने तेच दीड हजार 'निराधार' म्हणून मिळवायला त्याच घराचं उत्पन्न २१,००० असल्याचा दाखला आणायचा!

मग होतं काय? दाखला मिळतो. मिळवावाच लागतो. तलाठ्याला माहीत असतं, अर्जदाराला माहीत असतं, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीत बसलेल्या कार्यकर्त्याला माहीत असतं की एकवीस हजारांत आज कोणतंही घर चालत नाही. तरी सगळे मिळून तो आकडा लिहितात, कारण न लिहिता खरोखर गरजू बाईही अपात्र ठरेल. सरकारने अशी अट घातली आहे की ती पाळायला प्रत्येकाला खोटं बोलावं लागतं, आणि मग सवडीने त्यातल्या हव्या त्या माणसाला खोटारडा ठरवता येतं. बागायतदाराचा बाप आणि मावशी यांच्या दाखल्यांवर आकडा एकच असतो. चाळणीची भोकं इतकी बारीक की सगळंच वर राहणार, तेव्हा हाताने निवडायचं, आणि तो हात कोणाचा हे तालुक्यातल्या कोणालाही विचारा. बोगसगिरी संपवायची असेल तर आधी ही मर्यादा जमिनीवर आणावी लागेल. दिव्यांगांसाठी ती पन्नास हजार आहे, तीसुद्धा कुठल्या जमान्यातली.

दिव्यांगांची गोष्ट तर आणखी विचित्र. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले ते चांगलंच झालं. ऑक्टोबर २०२५ पासून राज्याने त्यांची रक्कम अडीच हजार केली तेही चांगलं. पण अपंगत्व मोजायचं टक्क्यांत. एकोणचाळीस टक्के असाल तर काही नाही, चाळीस असाल तर राज्याच्या योजनेत, आणि केंद्राची तीनशे रुपयांची मदत हवी तर ऐंशी टक्के. एक टक्का कमीजास्त ठरवणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर किती ओझं येत असेल, आणि किती मोह, याची कल्पना करा. एकाच सहीवर इतकं अवलंबून ठेवलं की त्या सहीचा भाव ठरतोच. वर जुनी हाताने लिहिलेली प्रमाणपत्रं चालत नाहीत, नवं ऑनलाइन ओळखपत्र काढा. लहानपणी पोलिओने गेलेल्या पायाची नव्याने तपासणी करायला माणूस कुबडीवर जिल्ह्याच्या गावी जातो, आणि तपासणीचा वार दुसरा निघतो.

पुढे मावशी गेली. मावसभावाने आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीत नोंद केली आणि मृत्यूचा दाखला घेतला. पुढचे पाच महिने तिचा पगार खात्यात येत राहिला. जिवंत असताना जो चार महिने सापडत नव्हता तो आता न चुकता येत होता. मावसभाव स्वतः दाखला घेऊन तहसीलला गेला, तेव्हा थांबला. नाहीतर आमचंही घर एके दिवशी 'मयताच्या नावावर पैसे उचलणारे' म्हणून यादीत आलं असतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. एकवीस दिवसांत नोंद करायची, आणि खेड्यात नोंदणारा ग्रामसेवक हा सरकारचाच माणूस. २०२३ च्या दुरुस्तीने तर या नोंदींचा राष्ट्रीय साठा करून तो रेशनकार्डासारख्या इतर याद्यांशी जोडण्याची सोय केली. म्हणजे कोण मेलं हे सरकारला सरकारकडूनच कळू शकतं. तरी कोण जिवंत आहे हे मात्र जिवंत माणसाने दरवर्षी येऊन सांगायचं! प्रत्येक मृत्यू वेळेवर नोंदला जात नाही, नावांची स्पेलिंगं जुळत नाहीत, माणसं मुलाकडे शहरात जाऊन तिथे मरतात, हे आक्षेप खरे आहेत. पण ते नोंदणी सुधारण्याची कारणं आहेत. त्याचा भुर्दंड ऐंशी वर्षांच्या बाईने रिक्षाचं भाडं देऊन का भरायचा?

कागद सरकारकडे आणि पुरावा रयतेने द्यायचा, ही रीत या मुलुखाला नवी नाही. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्यांनी आपापली सनद आणून दाखवायची, नाही दाखवली तर जमीन खालसा. पावसाने, वाळवीने, लुटीत, भाऊबंदकीत कागद कधीच गेलेले. पेशवे दफ्तर मात्र १८१८ पासून कंपनी सरकारच्या ताब्यात होतं आणि कमिशन त्यातच बसून काम करत होतं. इतिहासकारांच्या हिशेबाने १८५७ च्या आधीच्या पाच वर्षांत वीस हजारांच्या आसपास इनामं गेली, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या असंतोषाच्या कारणांत हे कमिशन बहुतेक सगळे मोजतात. इनामदार आणि निराधार यांची ही तुलना काहींना खटकेल, मलाही थोडी खटकते. इनामदार बसून खाणारे होते, त्यांच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. तुलना माणसांची नाहीच. दफ्तर स्वतःच्या उशाशी ठेवून समोरच्याला 'कागद दाखव' म्हणणाऱ्या कारभाराची आहे.

उलट याच सरकारला दुसरी रीतही येते. आयकर घ्या. तिथे माणूस स्वतःच आपलं उत्पन्न लिहून देतो, खातं आधी ते खरं धरून चालतं आणि संशय आलेली मोजकीच विवरणपत्रं उघडून बघतं. जादा कापलेला कर परत करायला उशीर झाला तर खातं महिन्याला अर्धा टक्का व्याजही देतं. म्हणजे ज्याच्याकडे कर भरण्याइतकं आहे त्याच्यावर विश्वास, वर उशिराबद्दल व्याज. ज्याच्याकडे एकवीस हजारही नाहीत त्याच्यावर अविश्वास, आणि चार महिने उशीर झाला तर साधी चिठ्ठीही नाही. हा फरक पैशाच्या टंचाईने पडलेला नाही. विश्वास ठेवायला आयकर खात्याला जास्त कारकून लागत नाहीत, उलट कमीच लागतात.

म्हणूनच कर्मचारी कमी आहेत हा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो. आज तेच दोन-तीन कारकून हजारो जिवंत माणसांचे हजारो दाखले दरवर्षी गोळा करतात, शिक्के मारतात, गठ्ठे बांधतात. त्याऐवजी मृत्युनोंदणीशी जुळलेली नावं आणि सहा महिने खात्यातून एकदाही पैसे न काढलेली नावं, एवढीच यादी त्यांच्यापुढे ठेवली तर? ती गावागणिक चार-पाच जणांची होईल. कोतवालाने, आशाताईने किंवा ग्रामसेवकाने जाऊन दार वाजवायचं. म्हातारी दारात आली तर तपासणी संपली. तोवर पैसे चालू. समजा त्यातली एखादी खरोखर गेलेली निघाली, तर तीन महिन्यांचे साडेचार हजार जादा गेले आणि ते खात्यातूनच परत घेता येतात. हे खातं बंद करण्याआधी लेखी नोटीस, तीही मराठीत आणि कारणासह. आणि तीस दिवसांत अपील केलं तर निकालापर्यंत पैसे चालू. चोराचं यात थोडं फावेल का? थोडं फावेल. पण तलाठ्याचा खोटा दाखला, चाळीस टक्क्यांची विकत घेतलेली सही, समितीतली शिफारस ही मोठी चोरी दारातच होते, आत आलेल्या माणसाचा अंगठा दरवर्षी दाबून ती पकडली जात नाही. ठसा त्या बागायतदाराच्या बापाचा छान उमटतो. त्याने आयुष्यात विड्या वळलेल्या नाहीत.

पुढच्या अधिवेशनात मंत्री उभे राहून अमुक लाख अपात्र नावं वगळली असं सांगतील, तेव्हा एखाद्या आमदाराने एवढाच उपप्रश्न विचारावा: वगळलेल्यांपैकी कितीजणांना आधी नोटीस गेली होती, आणि मागच्या वर्षी वगळलेल्यांपैकी कितीजणांचे पैसे नंतर पुन्हा सुरू करावे लागले? माहिती घेऊन पटलावर ठेवतो, असं उत्तर येईल. येऊ दे. निदान ते रजिस्टर उघडावं तरी लागेल.